साखरेचा हात धरून मीठ

मुलांनो, दर आठवड्याला मी तुमच्या चुका काढते. आज माझी एक चूक सांगते. घरी आई-बाबांनाही वाचून दाखवलीत तरी चालेल, मी लाजणार नाही.

गोष्ट तशी जुनी आहे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पावसाची भुरभुर चालू होती, माशांचा सुळसुळाट झाला होता आणि आमच्या वैजापुरात घरोघरी कुणी ना कुणी पोट धरून बसलेलं होतं. एका सकाळी हिलाही जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सहा-सात वेळा, आणि मधूनच वांती. पोरगी सारखी पाणी मागायची आणि सासूबाई म्हणायच्या, "नको गं देऊ. प्यायलं की लगेच खाली येतंय. पोटाला जरा विसावा दे."

त्यांचंही चूक म्हणता येत नाही. डोळ्यांना तसंच दिसतं ना! पण मी पडले शिक्षिका. पाणी तोडायचं नसतं, हे मला पाठ होतं. मोठ्या ऐटीत कपाटातून जलसंजीवनीची पुडी काढली. तीच ती, जिला सगळे 'ओआरएस' म्हणतात. फुलपात्रात पाणी घेतलं, पुडी त्यात रिकामी केली आणि ढवळली.

"आई, खारट! नको!"

"औषध आहे ते. मुकाट्यानं प्यायचं," असं म्हणून मी चार चमचे पाजलेसुद्धा. तेवढ्यात गल्लीतल्या आशाताई आल्या. त्यांनी फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, पाणी किती घेतलंत?"

"हे काय, फुलपात्रभर."

ताईंनी ते फुलपात्र उचललं आणि सरळ मोरीत ओतून दिलं. मग रिकामी पुडी उलटी करून माझ्यासमोर धरली. तिच्यावर छापलं होतं, एक लिटर पाण्यात विरघळवा. 'प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा' असं वर्गात रोज बजावणाऱ्या बाईंनी पुडी वाचलीच नव्हती!

मी म्हटलं, "जरा घट्ट झालं तर काय होतंय? जास्त गुण येईल." तेव्हा ताईंनी विचारलं, "काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं तर काय होतं हो?"

तुम्हीच सांगा, काय होतं? पाणी सुटतं. काकडीतलं पाणी मीठ बाहेर ओढून घेतं. फार खारट किंवा फार गोड पाणी आतड्यात गेलं, की तेही तसंच करतं. शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून आणतं. शिवाय रक्तातलं मीठ प्रमाणाबाहेर वाढलं, तर लहान मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात. माझी पोर चार चमच्यांवर वाचली म्हणायची.

त्या दिवसापासून या पुडीविषयी मिळेल ते मी वाचत गेले. आणि खरं सांगते, एवढ्याशा पुडीत एवढी मोठी गोष्ट दडलेली असेल, असं मला वाटलं नव्हतं.

आधी एक हिशेब. मोठा माणूस पाणी, चहा, ताक, आमटी सगळं मिळून दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पोटात घालतो. पण त्याच्या आतड्यात उतरतात आठ-नऊ लिटर! मग वरचे सहा-सात लिटर आले कुठून? ते शरीरानंच दिलेले असतात. लाळ, जठरातला रस, पित्त, आतड्याचा रस, असं करत करत शरीर आतड्याला पाणी उसनं देतं आणि अन्न पचलं की जवळजवळ सगळं परत घेतं. बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. म्हणजे पेलाभरसुद्धा नाही.

जुलाब म्हणजे काय, तर ही उसनवारी बिघडणं. दिलेलं परत येत नाही, आणि पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात. माणूस जुलाबानं दगावतो तो बहुतेक वेळा पोटातल्या जंतूमुळे नव्हे, तर अंग कोरडं पडल्यामुळे दगावतो. लहान मुलाच्या अंगात पाणी मुळातच थोडं, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर सुकतं.

ही उसनवारी बिघडवणारे जंतूही नाना तऱ्हेचे. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आतड्याला जखम करत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषानं आतड्याची जणू तोटीच उघडी राहते. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे या शास्त्रज्ञानं १९५९ साली सशांवर प्रयोग करून हे विष दाखवून दिलं. रोग जोरात असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जातं, तांदळाच्या धुवणासारखं. पूर्वी पटकी आली की मरीआई कोपली म्हणत. तिचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेवर नेऊन सोडत. मग शेजारचं गाव तो पुढच्या शिवेपर्यंत ओढत नेई. रोग मात्र ओढ्याच्या पाण्यातून आधीच पुढे गेलेला असायचा.

लहान बाळांचा मोठा शत्रू म्हणजे रोटाव्हायरस. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे रसांकुर असतात, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तुम्ही ते पाहिले असतील. हा विषाणू त्या मखमलीचे शेंडे खराब करतो, मग पाणी शोषायचं कुणी? त्याच्यावर आता लस आहे. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते. बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं असताना तोंडावाटे तिचे डोस देतात. तुमच्या घरी पाळण्यात कुणी असेल तर आईला आठवण करा. शिगेला नावाचा जंतू मात्र आतड्याला खरोखरच जखमा करतो, म्हणून रक्त आणि आव पडते. अमिबामुळेही आव होते.

आणखी एक लबाड जंतू आहे, तो आपल्या नाकात आणि हातावरच्या पिकलेल्या फोडात राहतो. असा फोड असलेल्या हातानं कुणी बासुंदी ढवळली आणि ती तशीच तासन् तास बाहेर राहिली, तर हा जंतू तिच्यातच आपलं विष तयार करून ठेवतो. ती पुन्हा उकळली तर जंतू मरतो, विष तसंच राहतं. असं खाल्लं की दोन-चार तासांतच वांत्या सुरू होतात. "परत गरम केलंय ना, मग खा" हे म्हणून नेहमी खरं नसतं.

तासन् तास म्हणजे किती बिघडतं, ते गणित करून बघा. उबदार, ओलसर अन्नात काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दुपारी बारा वाजता पातेल्यात एकच जंतू पडला, तर संध्याकाळी सात वाजता किती? सात तासांत एकवीस वेळा दुप्पट. मी वर्गात हे गणित घातलं, तेव्हा पाटी पुरेना. उत्तर आहे २० लाख ९७ हजार १५२!

आमच्या तालुक्यात गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी मोठा भरतो. प्रसाद असतो भाकरी आणि आमटी. गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, आमटी मोठाल्या कढयांत रटरटत असते. मला नेहमी वाटतं, ही जोडी ठरवणारे फार शहाणे असावेत. भाकरी कोरडी, तिच्यावर जंतूंचं लवकर फावत नाही. आमटी उकळती, तिच्यात ते टिकत नाहीत. फक्त वाढणाऱ्याचे हात आणि प्यायचं पाणी तेवढं चोख हवं.

पण एखाद्या ठिकाणी, एखाद्या दिवशी काहीतरी बिनसतं. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो माणसांना एकाच वेळी वांत्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. मग बाहेर दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या आणि खाली जमिनीवर माणसं झोपवून उपचार केले. ते फोटो तुमच्यातल्या काहींनी पाहिले असतील.

सलाइन म्हणजे तरी काय? मीठ-पाणीच, शिरेतून दिलेलं. पण त्याला निर्जंतुक बाटली लागते, सुई लागते, शीर शोधणारा शिकलेला हात लागतो. बाटल्याच संपल्या तर?

ही वेळ खरोखर आली होती. साल १९७१. आज ज्याला बांगलादेश म्हणतात, त्या पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटलं होतं आणि सुमारे एक कोटी माणसं जीव वाचवायला भारतात आली होती. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव आहे. तिथल्या छावण्यांत लाखो माणसं, पाऊस, चिखल, आणि त्यात पटकी! जूनमध्ये कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोहोचले. ते लहान मुलांचे डॉक्टर. रुग्णालयाच्या खोल्या भरून रुग्ण जमिनीवर पडले होते, आणि त्यांच्या वांती-जुलाबात गुडघे टेकूनच डॉक्टरांना त्यांना सलाइन लावावं लागत होतं. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की ही लढाई आपण हरतोय. सलाइन संपत आलं होतं आणि ते लावू शकणारे हातही मोजकेच होते.

मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून पटकी आटोक्यात आणता येते, हे ढाका आणि कलकत्त्याच्या संशोधकांनी थोड्या रुग्णांवर करून पाहिलं होतं. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. चिखलातल्या छावणीत, हजारो माणसांना, नातेवाइकांच्या हातून? ते कुणी केलं नव्हतं. महालनबीसांनी ते केलं.

कलकत्त्याच्या त्यांच्या संस्थेत वाचनालयाच्या खोलीत कामाची रांग लागली. एकानं मीठ तोलायचं, एकानं खायचा सोडा, एकानं ग्लुकोज म्हणजे साखरच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि गरम इस्त्रीनं पिशवीचं तोंड चिकटवायचं. छावणीत हे चूर्ण तोटीच्या पिंपांतल्या पाण्यात कालवलं. आया, बाप, भाऊ, बहिणी पेले भरभरून आपल्या माणसांना पाजू लागले. खर्च आला लिटरला ११ पैसे. आधी शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

यात मला सगळ्यांत आवडतं ते हे, की औषध देणारे हात घरच्यांचे होते.

लगेच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मात्र नाही. पाणी पाजून पटकी बरी होते, हे कित्येक मोठ्या डॉक्टरांना पटेना. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकानं लिहिलं, की विसाव्या शतकातला हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

आता तुम्ही विचाराल, "बाई, पाणी द्यायचं तर नुसतं द्या की. साखर कशाला? गोड लागावं म्हणून?" छे! मलाही आधी तसंच वाटायचं.

आतड्याच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. त्यांतल्या एका दारातून मिठातलं सोडियम आत जातं, पण एकटं नाही. साखरेतल्या ग्लुकोजचा हात धरला तरच त्याला आत घेतात. ग्लुकोजलाही त्या दारातून सोडियमशिवाय प्रवेश नाही. दोघं जोडीनं आत गेले, की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६० साली ही जोडी ओळखली. आणि गंमत बघा, पटकीचं विष आतड्याची तोटी उघडं ठेवतं खरं, पण हे दार त्याला बंद करता येत नाही. जुलाब चालू असतानासुद्धा ते उघडंच असतं. म्हणून पुडीनं जुलाब लगेच थांबत नाहीत. "पाजलं तरी चालूच आहे" म्हणून पाजणं सोडू नका. खालून जातंय त्याहून जास्त वरून आत टिकलं, की काम झालं.

बांगलादेशात तर घरोघरी पुड्या पोहोचवणं शक्य नव्हतं. मग 'ब्रॅक' नावाच्या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षं दारोदार फिरल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी! एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी हे शिकवलं. नुसतं सांगून नाही, समोर करून घेऊन.

आपल्याकडे पुडी मिळते. अंगणवाडीत, उपकेंद्रात, आशाताईंकडे फुकट मिळते. तीच वापरा, कारण तिच्यात पोटॅशियमसारखे घरी न सापडणारे क्षारही असतात. मोठी पुडी एक लिटर पाण्याला. बाजारात पेलाभर पाण्याच्या लहान पुड्याही येतात, म्हणून आधी वाचा. (हे मी सांगतेय!) पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं वरचा ढीग सारून टाकलेला. आधी मोठ्यांनी चव घ्यायची. डोळ्यांतलं पाणी कधी ओठांवर आलंय ना? त्याहून खारट लागलं तर ओतून द्या आणि नवं करा. एकदा केलेलं पाणी चोवीस तासांनंतर ठेवायचं नाही.

पाजायचं घोट घोट. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्यानं. तुमच्याएवढ्यांना अर्धा ते एक कप, आणि मोठ्यांना हवं तेवढं. वांती झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी सावकाश सुरू करायचं. जेवण तोडायचं नाही. मऊ खिचडी, भाताची पेज, ताक, केळं, जे जाईल ते द्यायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर मुळीच बंद करायचं नाही. मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या असतात. आणि मेडिकलमधून मनानं आणलेली जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला कधीच देऊ नका. विषाणूंवर अँटिबायोटिकचाही काही उपयोग होत नाही. ते लागतं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरांकडे धावायचं कधी? शौचातून रक्त पडलं, पाजलेलं काहीच ठरेना, जोराचा ताप आला, सहा तासांत लघवीच झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल होऊन हाकेला ओ देईना, तर क्षणभरही थांबू नका. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडून बघा. लगेच सपाट झाली तर ठीक, पीठ मळताना उठलेल्या घडीसारखी राहिली तर अंग सुकलंय. अशा वेळी सलाइनच लागतं. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर इतकीही वाट बघायची नाही.

एक आणखी. दुकानात रंगीत खोक्यांतली गोड पेयं 'ओआरएस' नाव लावून बरीच वर्षं विकली जात होती. त्यांत साखर फार. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ते नाव लावायला बंदी केली. हैदराबादच्या लहान मुलांच्या एक डॉक्टर बाई, शिवरंजनी संतोष, त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. सफरचंदाच्या चवीचं असलं तरी खोकं घेऊ नका, पुडी मागा.

राहिलं पाणी साठवायचं. उन्हाळ्यात आपल्या भागात टँकर येतात, दाराशी पिंपं भरून ठेवतात. टँकरचं पाणी चांगलं असतं, विहिरीत टीसीएल पावडरही टाकलेली असते. पण मग कुणीतरी पेला बोटांसकट पिंपात बुडवतं! माझ्या वर्गातल्या माठावर आम्ही लांब दांड्याचं ओगराळं टांगलंय, आणि खिचडीच्या आधी साबणानं हात धुताना पोरं तीसपर्यंत अंक मोठ्यानं म्हणतात. आजकाल एक पोरगा पाढे म्हणतो, तोही बरा.

माझी मुलगी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिटरभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी ती भाकरी मागत होती. ती आता मोठी झालीय आणि पाहुणे आले की ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगते.

आता तुमचं काम. घरातला रोजचा तांब्या घ्या. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं तो मोजा. कुणाच्या तांब्यात पाऊण लिटर मावेल, कुणाच्यात सव्वा. जिथं बरोबर लिटर होईल, तिथं आतून खिळ्यानं बारीक खूण करा, आईला विचारून हं! तुमचा तांब्या किती मापाचा निघाला, ते मला पोस्टकार्डावर कळवा.